नागपूरच्या कुलगुरूंना भंडाऱ्याहून: एक व्हायवा इकडे घ्या

मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



मागणी लहान आहे, म्हणून आधीच सांगून टाकलेली बरी. भंडारा जिल्ह्यावर लिहिलेल्या पीएच.डी. प्रबंधाचा व्हायवा भंडारा जिल्ह्यात व्हावा. ज्या गावाच्या तलावावर, बोलीवर, पितळी भांड्यांवर किंवा धरणाने उठवलेल्या माणसांवर तो प्रबंध आहे, त्या गावाला बोलावणे जावे आणि आलेल्या माणसाला प्रश्न विचारता यावा. गावाचा मानपान करा, असे यात काही नाही. संशोधनातल्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आज एका टक्केवारीच्या दाखल्यावर सोडून दिलेला आहे. तो दाखला जे पकडू शकत नाही, ते पकडणारी माणसे इकडे राहतात, एवढाच मुद्दा आहे.

नियम आड येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत मौखिक परीक्षा सार्वजनिकच म्हटलेली आहे. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, त्यांचे अहवाल अनुकूल आले की उमेदवार उभा राहतो आणि आपले म्हणणे राखतो. २०१६ च्या विनियमांत तर ही परीक्षा विभागातल्या प्राध्यापकांना, संशोधक विद्यार्थ्यांना आणि विषयात रस असलेल्या इतर जाणकारांनाही खुली ठेवली होती. तलावाचा जाणकार कोण, एवढेच ठरवायचे उरते.

प्रत्यक्षात सार्वजनिक व्हायवा कसा असतो, हे कुठल्याही विद्यापीठात जाऊन पाहावे. सूचनाफलकावर एक कागद. पहिल्या रांगेत गाइडचे जुने विद्यार्थी, मागे ज्यांचा नंबर पुढच्या महिन्यात आहे ते. कोपऱ्यात उमेदवाराच्या घरची माणसे, संकोचून बसलेली. पुष्पगुच्छ आणि पेढे आधीच येऊन पडलेले असतात, त्यामुळे निकालाबद्दल कुणाला फारशी धाकधूक नसते. दोन प्रश्न प्रकरणांच्या मांडणीवर, एक संदर्भसूचीवर, एखादा ‘पुढील संशोधनास वाव’ यावर. मग टाळ्या. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. फक्त ज्यांच्याबद्दल प्रबंध लिहिला, त्यांच्यापैकी तिथे कुणी नसते.

प्रामाणिकपणाची खरी परीक्षा त्याआधीच, ग्रंथालयातल्या संगणकावर उरकलेली असते. आयोगाने २०१८ च्या जुलैत वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांत पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघाले तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. साठच्या वर गेले की नोंदणीच रद्द. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेखाली विद्यापीठांना साम्य शोधणारे सॉफ्टवेअर पुरवले गेले. पायऱ्या चुकीच्या नाहीत, काहीच नव्हते त्यापेक्षा हे बरे. पण तेव्हापासून संशोधकांच्या गप्पांत ‘नवे काय सापडले’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती आले?’ हा पुढे आला. नऊ आले तर हायसे वाटते, बारा आले तर शब्दांची अदलाबदल सुरू होते. ‘महत्त्वाचे’ जाऊन ‘मोलाचे’ येते, वाक्य कर्तरीचे कर्मणी होते, आणि बारा उतरून आठ होतात. चोरी असली तर ती तिथेच राहते.

उलटही होते. कायद्याची कलमे, ठरलेल्या संज्ञा, संदर्भसूची हे सगळे वगळायची सोय नियमातच आहे, सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही धरायचे नाही असे आहे. तरीही आकडा थोडा वर गेला की प्रामाणिक विद्यार्थ्याचा जीव खाली-वर होतो. साम्य मोजणे आणि चोरी ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले यंत्राचे. दुसऱ्यासाठी कुणीतरी बसून वाचावे लागते.

आता भंडाऱ्यापुरते बोलू. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १९०८ साली निघाले. जिल्ह्यावरच्या मराठी प्रबंधातले ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ हे प्रकरण लिहायला याच्याइतके सोयीचे पुस्तक नाही. त्यातला परिच्छेद मराठीत उतरवला, खाली नाव दिले नाही, तर शब्दाशी शब्द जुळवणाऱ्या यंत्राला काय दिसणार? मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला असेल तर आणखीच सोय, कारण युनिकोड नसलेल्या त्या अक्षरांत यंत्राला मराठी दिसतच नाही, रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. साम्य शून्य टक्के. दाखला स्वच्छ.

याहून मोठी लबाडी शब्दांची नसतेच. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्यानंतर पवनी तालुक्यातली आणि आजूबाजूची गावे पुनर्वसनाच्या कागदांत किती वर्षे अडकली, हे त्या गावांना तोंडपाठ आहे. अशा विषयावर कुणी दोनशे कुटुंबांची प्रश्नावली घरी बसून भरली, तर भाषा त्याची स्वतःचीच असते. तक्ते, आलेख, टक्केवाऱ्या, सगळे मूळ आणि अस्सल. यंत्र त्याला शंभर गुण देईल. पण ‘आमच्या टोलीत कोण आला होता विचारायला?’ असे एखाद्या म्हातारीने सभेत उठून विचारले, तर तो तक्ता तिथेच कोसळेल.

शेवटी वाचणाराच पकडतो, याची साक्ष बाहेरच्या जगातही मिळते. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचलेगिरी २०११ च्या फेब्रुवारीत उघड झाली, ती कायद्याच्या एका प्राध्यापकाने परीक्षण लिहिण्यासाठी तो प्रबंध खरोखरच वाचायला घेतला म्हणून. मग शेकडो अनोळखी वाचकांनी पानामागून पान तपासले. बायरॉइट विद्यापीठाने काही दिवसांतच पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्र्याने राजीनामा दिला. आपल्याकडे २००७ मध्ये पेटंट कायद्यावरच्या मशेलकर समितीच्या अहवालातली काही वाक्ये कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांच्या लेखनातून जशीच्या तशी आलेली आढळली. रघुनाथ मशेलकरांनी अहवाल मागे घेतला आणि सुधारलेला अहवाल २००९ मध्ये आला. एवढ्या मोठ्या माणसाने छापलेला कागद परत मागितला, ही गोष्ट आपल्या संशोधन केंद्रांत सांगण्यासारखी आहे. इथे मागे घेणे म्हणजे नाक कापून घेणे समजतात, म्हणून चूक कळली तरी ती बाइंडिंगसकट कपाटात जाते.

जर्नलांचा विषय थोडक्यात. प्रबंध द्यायच्या आधी किमान एक शोधनिबंध छापलेला हवा, अशी अट २००९ पासून होती. सक्ती आली की बाजार येतोच. पैसे भरा, आठ दिवसांत छापून मिळेल, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ अमुक, असे संदेश कोणत्या संशोधकाच्या फोनवर आले नाहीत? भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचे पोस्टमॉर्टेमच केले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या जर्नलांपैकी १,००९ त्यांनी तपासली. ३४.५ टक्क्यांच्या बाबतीत पत्ता, संपादकांची नावे अशी साधी माहितीही धड नव्हती, आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली होती. यादीत ही नावे घालणारी विद्यापीठेच होती, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. पुढे ‘केअर’ यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांकडे, म्हणजे आपल्याकडे आली. दरम्यान २०२२ च्या विनियमांनी शोधनिबंधाची अट काढून टाकली. ते उत्तम झाले. पण अट गेली म्हणून सवय जात नाही, आणि पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजणाऱ्या गाइडला विद्यार्थ्याच्या निबंधावर आपले नाव हवेच असते.

नाव कुणाचे लागते, हा या पत्रातला सर्वांत नाजूक भाग. पुन्हा रसेलकडेच जाऊ. ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हे चार खंड १९१६ साली लंडनला निघाले. मुखपृष्ठावर रसेल, आणि त्याखाली ‘साहाय्य’ म्हणून रायबहादूर हिरालाल. हिरालाल कटनीचे, स्वतः पुराभिलेखांचे मोठे अभ्यासक. ‘साहाय्य’ या एका शब्दात त्यांचे किती काम मावले, हा प्रश्न आजही विचारता येतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहती सरकारातल्या त्या गोऱ्या अधिकाऱ्याने नाव मुखपृष्ठावर घातले, आणि माहिती पुरवणाऱ्यांचे ऋण प्रस्तावनेत मानले, एवढे तरी खरे. आपल्या प्रबंधांतली ऋणनिर्देशाची पाने पाहावीत. संस्थाध्यक्ष, प्राचार्य, गाइड, गाइडच्या सौभाग्यवती, टंकलेखक, सगळे असतात. रोवणीच्या गाण्यांवर प्रकरण असेल तर गाणी सांगणाऱ्या बाया मात्र ‘परिसरातील स्त्रिया’ होऊन जातात.

झाडीबोलीचे काम याच मातीत उभे राहिले. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ही बोली अभ्यासाचा विषय आहे, हे अनेक वर्षे खपून लोकांच्या गळी उतरवले. आज दंडारीवर, खडीगंमतीवर, झाडीपट्टीच्या नाटकांवर प्रबंध होतात, हा त्या वाटेचाच विस्तार आहे. पण दंडारीतला जुना कलावंत रात्रभर बसून संहिता सांगतो, संशोधक ती मोबाइलवर घेतो, आणि परिशिष्टात ती ‘प्रस्तुत संशोधकाने संकलित केलेली’ म्हणून छापली जाते. ही चोरी कोणत्या टक्केवारीत धरायची? २०१८ च्या विनियमांना छापील मजकूर कळतो, तोंडी मजकुराचा धनी कळत नाही.

मामा तलावांचेही तेच. माजी मालगुजारी तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा, त्यांतल्या मासळीचे शास्त्र धीवरांकडे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे गेले, निस्तार हक्कांचे कागद तलाठ्याच्या दप्तरात राहिले. कोणता मासा कोणत्या पाण्यात अंडी घालतो, बेशरमाची झुडपे वाढली की तळातले काय मरते, हे धीवराने सांगितलेले ज्ञान प्रबंधात ‘निरीक्षणावरून असे दिसून आले’ या वाक्यात विरघळते. निरीक्षण कुणाचे? ज्याचे, त्याच्या नावाने लिहायला एक ओळ पुरते. त्याला नाव नको असेल तर तसे विचारल्याची नोंद हवी. विचारणे आणि परवानगी घेणे हा प्रकाशननीतीचाच भाग आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन आणि प्रकाशननीती’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यातला एक तास एखाद्या तलावाच्या पाळीवर घेतला तर बिघडणार नाही.

आपले विद्यापीठ याला नवखे नाही, महोदय. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, ते नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या दोघांनी मिळून. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये विद्यापीठाने छापला. खोदकाम संपल्यावर दोन वर्षांत, दोन्ही लेखकांच्या नावानिशी, आराखड्यांसह. तिथे सापडलेल्या स्तूपाबद्दल त्यानंतर कुणाला वाद घालायचा तर घालता येतो, कारण मूळ नोंदी समोर आहेत. संशोधन राखणे म्हणजे काय, याचा हा घरचाच दाखला. आता त्याच अहवालातून परिच्छेद उचलून पवनीवर ‘मौलिक’ निबंध लिहिणाऱ्याला पवनीच्याच एखाद्या शिक्षकाने सभेत पकडले, तर विद्यापीठाला आनंदच व्हावा.

प्रबंध राखण्याची गोष्ट निघाली की बाबासाहेब आंबेडकरांशिवाय पुढे जाता येत नाही. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडनला सादर केला. परीक्षकांनी तो परत लिहायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहून १९२३ मध्ये दिला, त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली आणि पुस्तकही निघाले. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि तीत गुरूने स्पष्ट लिहिले की लेखकाच्या बऱ्याच टीकेशी आपण सहमत नाही. शिष्याने ती तशीच छापली आणि स्वतःच्या मनोगतात लिहिले की कॅनन यांच्या कठोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांतून वाचलो. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी छापील पानावर एकमेकांशी असहमत असावे, आणि त्यात कुणाचा अपमान होऊ नये! आपल्याकडे गाइडशी सहमत नसलेले वाक्य सिनॉप्सिसमध्येच गळून जाते.

याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना १९३५ च्या कायद्यातून घेतलेल्या भागाबद्दलच्या टीकेला उत्तर दिले होते: घेण्यात लाज नाही, ते वाङ्मयचौर्य होत नाही, संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचा पेटंट हक्क नसतो. कुठून घेतले ते उघड सांगून त्यांनी हे म्हटले, म्हणून त्या उत्तराला वजन आहे. पुढे १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. कॅननपुढे प्रबंध राखणारा माणूस भंडाऱ्याच्या मतदारांपुढे हात जोडून उभा राहू शकला, तर आजच्या उमेदवाराला तासभर उभे राहायला हरकत नसावी.

आक्षेप घेतले जातील, आणि त्यातला एक खरोखर वजनदार आहे. गाव म्हणजे फक्त जाणती म्हातारी माणसे नव्हेत. वाळूवाले आहेत, कंत्राटदार आहेत, जातीचे पुढारी आहेत. पुनर्वसनातल्या गैरव्यवहारावर किंवा रेतीघाटांवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला भर सभेत दबवायचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्यांना, निर्णयाचा फक्त परीक्षकांना, आणि अशा विषयांत उमेदवाराने नागपूर मागितले तर नागपूर द्यावे. गावाला खूश ठेवण्यासाठी निष्कर्ष मऊ केले गेले, तर तीही अप्रामाणिकताच होईल. दुसरा आक्षेप दर्जाचा: खेडूत काय विचारणार? याला उत्तर द्यायची गरज नाही, एकदा विचारू द्यावे. तिसरा सोयीचा, आणि तो तर अगदीच लटका. करोनाकाळात २०२० मध्ये आयोगानेच व्हायवा व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली आणि परीक्षक आपापल्या घरून उमेदवार तपासू लागले. जो व्हायवा पडद्यावर चालतो, तो साठ-पासष्ट किलोमीटरवर का चालू नये? शिवाय विद्यापीठाला नाव ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्याचे आहे.

सुरुवातीला मोजकेच करावे. नागपूर, वर्धा, गोंदियालाही हे लागू पडेल, पण पहिल्या वर्षी फक्त भंडाऱ्यावरचे दोन-तीन प्रबंध घ्यावेत: एक तलावांवर, एक बोलीवर, जमल्यास एक पितळेच्या धंद्यावर किंवा मोहाडी-आंधळगावच्या कोसा रेशमावर. जागा भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीच्या महाविद्यालयाचे सभागृह. प्रबंधाचा सारांश सोप्या मराठीत, चार पानांचा, पंधरा दिवस आधी संबंधित ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या वाचनालयात ठेवावा. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारावर चढतोच, त्याची छापील प्रतही पदवीनंतर त्याच वाचनालयात यावी. परीक्षकांच्या अहवालात साम्याच्या टक्केवारीखाली आणखी एक रकाना असावा: यातले नवे काय, आणि ते कुणाकडून कळले. दुसऱ्या भागाचे उत्तर उमेदवाराने सभेत, त्या माणसांसमोर द्यावे.

वेळेचे मात्र जपावे. जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि धानाची कापणी, जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाची लगबग. धान चुरून घरात आल्यावर डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य एवढाच काळ माणसे मोकळी असतात. तारीख त्यात बसवावी आणि सकाळी अकराची ठेवावी, म्हणजे लाखांदूरहून एसटीने येणाऱ्यालाही परत जाता येईल. बाहेरच्या परीक्षकांचा प्रवासभत्ता नागपूरपर्यंतचा मंजूर असतोच. पुढच्या साठ किलोमीटरचा प्रस्ताव वित्त विभागाकडे येत्या सत्रात गेला, तर पहिली तारीख याच हिवाळ्यात ठरू शकते.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक प्रबंधवाचक